वॉर्बलर ओळखताना या चुका टाळा

सप्टेंबर ते एप्रिल या काळात पुण्यातील टेकड्या, बागा आणि तलावकाठ येथे स्थलांतरित वॉर्बलर (कीटक खाणारे छोटे, चपळ पक्षी) मुक्कामाला असतात, आणि त्यांच्या नोंदींतील बहुतेक गोंधळ रंगावर विसंबल्यामुळे होतो. दाट पानांतून झिरपणाऱ्या उजेडात तपकिरी पक्षीही हिरवट भासतो आणि कोवळ्या उन्हात फिकट पोट पिवळे दिसते. म्हणून पक्षी कोठे वावरतो, कसा हलतो आणि काय बोलतो हे आधी टिपावे, रंग शेवटी पाहावा.

वड-पिंपळाच्या शेंड्यांत अखंड चुळबुळ करत 'चि-स्वी' अशी दुपदरी हाक देणारा पक्षी बहुधा ग्रीनिश वॉर्बलर असतो. पंखावरची बारीक पट्टी दिसली नाही एवढ्यावरून त्याला बाद करू नये, कारण पिसे झिजली की ती पुसट होते. मात्र पट्टी नसलेला, पोटाला गडद पिवळा आणि सिंहगडासारख्या ठिकाणी कातळावर सरपटल्यागत फिरणारा पक्षी दिसल्यास सल्फर-बेलीड वॉर्बलरचा विचार करावा.

ब्लिथ्स रीड वॉर्बलरला नावातल्या 'रीड'मुळे (म्हणजे पाणथळीतले उंच गवत) पाणकणसात शोधणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तो घाणेरीच्या जाळीत आणि सोसायटीच्या कुंपणातही सापडतो. पाषाण तलावाच्या पाणकणसातून कर्कश ओरडणारा, आकाराने बराच मोठा पक्षी क्लॅमरस रीड वॉर्बलर असण्याची शक्यता अधिक.

खरी कसोटी बाभळीच्या माळावर लागते. तेथील बूटेड वॉर्बलर ब्लिथ्ससारखाच तपकिरी दिसतो, परंतु त्याची चोच आखूड, शेपटी चौकोनी व कडेला फिकट असते आणि शेपटीखालची पिसे आखूड असतात. ब्लिथ्सची चोच लांब, शेपटी गोलसर आणि शेपटीखालची पिसे लांब असतात. त्यामुळे छायाचित्र चेहऱ्याचे मिळाले तरी शेपटीचे, शक्यतो खालून, घेतल्याशिवाय थांबू नये.

साइक्स वॉर्बलर या दोघांच्या मधोमध बसतो: चोच बूटेडहून लांब, भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) त्याच्याहून पुसट. दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या कर्नल साइक्सनेच त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तरी याच दख्खनमध्ये तो आजही अनुभवी निरीक्षकांना चकवतो. बूटेड आणि साइक्स दोघेही 'चक्'सारखे त्रोटक बोलत असल्याने येथे पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेले नाव पुरावा मानू नये. चोच आणि भुवई नीट दिसली नसेल, तर 'बूटेड किंवा साइक्स' एवढीच नोंद करावी.