एक्सेलच्या तक्त्यात हिवतापाचे गणित कसे मांडावे

रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत दिसला. पुढे त्यांनीच या रोगाच्या प्रसाराचे गणित मांडले आणि १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी ते विस्तारले. त्या पायावरचे साधे प्रारूप (मॉडेल) एका गावापुरते मांडायला एक्सेल पुरेसे आहे.

प्रश्न आधी नेमका करावा. ‘यंदा रुग्ण किती होतील?’ हा प्रश्न प्रारूपाला झेपत नाही. ‘किनवटकडच्या एखाद्या गावात पावसाळ्यापूर्वी औषधी मच्छरदाण्या वाटल्या, किंवा हौदांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, तर रुग्ण कशाने अधिक घटतील?’ हा मात्र झेपतो.

तक्त्यात एक ओळ म्हणजे एक दिवस. माणसांचे निरोगी आणि बाधित असे दोन रकाने करावेत, तर डासांचे तीन: परजीवी नसलेले, पोटात परजीवी वाढत असलेले आणि चावून रोग देणारे. बाधक डासांची संख्या, एका डासाचे माणसाला रोजचे चावे, चाव्यातून लागण होण्याची शक्यता आणि लोकसंख्येतील निरोगींचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचे नवे बाधित. रोज काही जण बरे होतात, ते पुन्हा निरोगींत मिळवावेत.

खरी मेख डासांच्या मधल्या रकान्यात आहे. व्हायवॅक्स या हिवतापाच्या एका परजीवीची डासातील वाढ किती दिवसांत पुरी होते, हे काढण्यासाठी सरासरी तापमानातून १४.५ वजा करून येणाऱ्या संख्येने १०५ ला भागतात; २५ अंशांना १० दिवस येतात. रोज ९० टक्के डास जगत असतील, तर त्या दहा दिवसांनंतर शंभरातले सुमारे ३५ उरतात, आणि ८० टक्केच जगत असतील, तर जेमतेम ११. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हाला मात्र हे सूत्र लावू नये, कारण इतक्या उष्णतेत डासच तग धरत नाहीत.

डासांची संख्या निम्मी झाली की प्रसाराची क्षमताही निम्मी होते. चावे निम्मे झाले तर ती चौथाईवर येते, कारण डास परजीवी घेतानाही चावतो आणि देतानाही. औषधी मच्छरदाणी चावे रोखते आणि डासही मारते. पण त्यामुळे गप्पी मासे निरुपयोगी ठरतात असे नाही: जिथे आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येते आणि घरोघरी हौद, बॅरल भरलेले असतात, तिथे साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी या हिवताप पसरवणाऱ्या डासावर हाच स्वस्त उपाय आहे.

दोन गोष्टी हमखास सुटतात. व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनंतर पुन्हा उसळतो, त्यामुळे त्याला वेगळा रकाना लागतो. दुसरे म्हणजे, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात त्या आठवड्यात बाहेरून येणारे बाधित मिळवावे लागतात.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातील रक्तनमुन्यांचे आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवून ताळा घ्यावा. त्यांत तपासणी झालेलेच रुग्ण असतात, हे विसरू नये. मग प्रत्येक गृहीत आकडा थोडा कमी-जास्त करून पाहावा. ज्या आकड्याने उपायांचा क्रम उलटतो, तो अंदाजाने न भरता गावात जाऊन मोजावा.