कडक झालेले हातपाय : घरी होणाऱ्या या चुका टाळा

अठरा वर्षं नागपुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करतेय. कुणाला अपघात, कुणाला मेंदूज्वर, कुणी विहिरीत पडून वाचलेलं. कारणं वेगळी, पण मेंदूला इजा झाली की स्नायू आवळून हातपाय कडक होतात, आणि घरच्या चुका त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बॅक्लोफेन, म्हणजे कडकपणा कमी करणारी गोळी, मनानं एकदम बंद करणं. एका मे महिन्यात उमरेडकडचे आईवडील सात वर्षांच्या पोराला घेऊन आले. अंग तापलेलं, पाय लाकडासारखे, बोलणं असंबद्ध. बाहेर ४५ अंश. गावात सगळ्यांनी ठरवलं, ऊन लागलं. कांद्याचा रस चोळून झाला होता. मी विचारलं, "गोळ्या सुरू आहेत ना?" आई म्हणाली, "दिवसभर झोपूनच राहायचा जी, म्हणून चार दिवसांपासून बंद केल्या." तसंच आयसीयूत पाठवलं. वाटेतच झटके आले. गोळी पुन्हा सुरू झाली आणि पोरगा वाचला, पण ते चार दिवस मी विसरलेले नाही. झोप येते तर डॉक्टरांना सांगा, ते डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. तेव्हापासून मी प्रत्येक भेटीत गोळ्यांची पट्टी बघायला मागते. दहा गोळ्या उरल्या की नवी पट्टी घरात हवी, लग्नाला गावी जाताना तर आधी तीच पिशवीत.

दुसरी चूक झटका देऊन पाय ओढणं. हा कडकपणा वेगावर चालतो: जितकं जोरात ओढाल तितका स्नायू उलटा आवळतो. शिवाय हालचाल कमी असलेल्या मुलांची हाडं ठिसूळ होतात. मालिशवाल्याच्या हातून मांडीचं हाड मोडलेलं मी पाहिलंय. "महिनाभरात मोकळं करून देतो" म्हणणाऱ्याकडे लेकरू नेऊच नका. पाय ताणताना मी आयांना मोठ्यानं तीसपर्यंत मोजायला लावते. मोजताना हात आपोआप सावकाश चालतो.

आवळलेला स्नायू सैल करायला देतात त्या बोटॉक्स इंजेक्शनचा असर साधारण तीन महिने. तेवढ्या काळात व्यायाम आणि स्प्लिंट (हातपाय नीट धरून ठेवणारा साचा) नसेल, तर इंजेक्शनचे पैसे पाण्यात.

स्प्लिंट काढल्यावरचा लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही, तर स्प्लिंट टोचतोय. उन्हाळ्यात आत पातळ सुती मोजा घाला.

खुब्याचा एक्स-रे टाळू नका. आवळलेल्या स्नायूंच्या ओढीनं सांधा निसटत असताना मूल रडतंच असं नाही.

कडकपणा अचानक वाढला, तर डोस वाढवून मागण्याआधी पोट साफ झालंय का, लघवीला जळजळ आहे का, दात दुखतोय का, नख बोटात रुततंय का, ते बघा. मी आधी मोजे काढते.