गाडी द्यायची की नाही? ऑनलाइन अल्गोरिदम शिकायला एक गाडी पुरते

कार-शेअरिंगच्या अल्गोरिदमवर काम सुरू करताना पन्नास गाड्या आणि अख्ख्या शहराचा नकाशा घेऊन बसू नका. एक गाडी, 'क' आणि 'ख' ही दोन ठिकाणं, प्रवास २० मिनिटांचा, दर फेरीची कमाई सारखी (१ धरा), एवढं पुरे. इथे 'ऑनलाइन' म्हणजे इंटरनेटवरचं नव्हे. बुकिंग आलं की पुढचं काही ठाऊक नसताना हो किंवा नाही सांगायचं, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही.

आता कागदावर मांडा. गाडी 'क'ला उभी आहे. पहिलं बुकिंग: १०:३०, क ते ख. ग्रीडी अल्गोरिदमचा बाणा एकच, जमतंय ना, मग घ्या. पाठोपाठ तीन बुकिंग येतात: १०:०० क ते ख, १०:२० ख ते क, १०:४० क ते ख. तिन्ही नाकारावी लागतात. दहाची घेतली तर गाडी रिकामी परत येईपर्यंत १०:४० वाजतात आणि साडेदहाचा शब्द मोडतो. पहिल्यालाच नाही म्हटलं असतं, तर हीच गाडी तिन्ही फेऱ्या सलग करून मोकळी झाली असती. म्हणजे ग्रीडीची एक फेरी, तर जास्तीत जास्त शक्य होत्या तीन: एकास तीन. एका फेरीपायी चार बुडतात का, हेही तपासा. नाही बुडत: चौघींपैकी पहिली आणि शेवटची यांच्या सुरुवातींत किमान ६० मिनिटं लागतात, आणि त्या सगळ्या आड येतील एवढी जागा उरत नाही.

हा एकास तीनचा आकडा काढायला सगळं आधीच माहीत असलेलं 'ऑफलाइन' उत्तर लागतं. वेळा ठरलेल्या असतील तर प्रत्येक फेरी म्हणजे एक नोड, म्हणजे जाळ्यातला एक बिंदू. एक संपवून दुसरीला वेळेत पोहोचता येत असेल तर मध्ये एज, म्हणजे जोडणारी रेघ. जितक्या गाड्या तितका फ्लो, म्हणजे या रेघांवरून वाहणारा प्रवाह, आणि कमाई उणे खर्च धरून मिनिमम कॉस्ट फ्लो (सर्वांत कमी खर्चाचा प्रवाह शोधणारी ठरलेली पद्धत) चालवा. सगळे पर्याय तपासत बसायची गरज नाही.

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे अल्गोरिदम बुकिंगवर चालवून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये, हमखास होणारी चूक म्हणजे बुकिंग फेरीच्या वेळेनुसार लावणं. क्रम बुकिंग केल्याच्या वेळेचाच हवा, नाहीतर अल्गोरिदमला भविष्य दिसतं आणि निकाल उगाच झकास येतात. दुसरी चूक: नवी फेरी बसवताना फक्त आधीची फेरी तपासणं. पुढची आधीच घेतलेली असू शकते. तिच्यापर्यंत रिकामं जायचा वेळही धरा. १०:२०ला संपणारी आणि त्याच ठिकाणाहून १०:२०ला निघणारी फेरी चालते, तेव्हा तुलनेत 'लहान किंवा समान' लिहा.

रँडम डेटावर ग्रीडी बऱ्यापैकी चांगला दिसतो. त्यावर भुलू नका. वरची चार बुकिंग पहिली टेस्ट केस म्हणून ठेवा, ग्रीडीची कमाई १ आणि ऑफलाइनची ३ येत नसेल तर कोडमध्ये गडबड आहे.