गांजाची फाइल आली की कुठून वाचायची

सोलापूरच्या कोर्टात 23 वर्षं बचावाची बाजू मांडतोय. हैदराबाद रोडवर पकडलेल्या गांजाची फाइल आली की नवा ज्युनिअर हमखास आरोपीची कहाणी विचारत बसतो. कहाणी नंतर. आधी वजन बघ.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा 1 किलोच्या आत असेल तर अल्प प्रमाण, 20 किलोच्या वर व्यापारी. व्यापारी ठरला की शिक्षा किमान 10 वर्षं, आणि जामिनाला कलम 37 आडवं येतं: आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटाव्या लागतात. नेमका 20 किलो भरला तर तो व्यापारी नव्हे, म्हणून पंचनाम्यात ‘अंदाजे’ दिसलं की तिथे खूण कर. पोत्यातली ओली झाडं सरसकट तोलली असतील तर शेंडे किती, ते विचार. कायद्यातला गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवायचा नुसता पाला किंवा बिया त्यात येत नाहीत. पावडरीच्या केसमध्ये मात्र असली हुशारी चालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर हेरॉइनमध्ये मिसळलेली भेसळही वजनात धरतात.

मग बघ, माल सापडला कुठे? खिशात सापडला तर कलम 50. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे आरोपीला सांगायलाच हवं. विजयसिंह जडेजा प्रकरणात घटनापीठाने त्यात सूट ठेवलेली नाही. नुसत्या बॅगेत सापडला तर हे कलम लागत नाही. इथे आपल्या गावची एक गंमत. पूर्व भागातला माणूस घरी तेलुगू बोलतो, आणि फाइलमध्ये त्याच्या सहीखाली अस्खलित सरकारी मराठी: ‘मला माझे हक्क अवगत झाले असून...’ समजावलं कोणी, कुठल्या भाषेत? उलटतपासात हा प्रश्न मी कधी सोडत नाही.

नमुने कलम 52अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात. ते रस्त्यातच काढले असतील तर मुद्दा जोरात मांड, पण तेवढ्यावर जामीन मिळेलच असं अशिलाला सांगू नकोस; 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं होत नाही म्हटलंय. सीलचं वर्णन मात्र पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर आणि सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट, तिन्हीकडे ताडून बघ.

अधिकाऱ्यासमोरचा कलम 67 चा कबुलीजबाब वाचून घाबरू नकोस. तूफान सिंग निकालाने 2020 मध्येच तो पुराव्यातून बाद केला.

आणि व्यापारी प्रमाण असेल तर डायरीत कोठडीचा 180 वा दिवस लाल शाईने लिही. मुदतवाढ नसेल आणि तोवर दोषारोपपत्र आलं नसेल, तर जामीन हक्काचा. अर्ज आदल्या रात्रीच टाइप करून ठेव. सकाळी तुझ्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं, तर तो अर्ज रद्दीत.