लघवीच्या डबीपासून प्लाझ्मिडपर्यंत: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी विषय लिहून दिला होता: मूत्रमार्गाच्या संसर्गातले अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू आणि त्यांचे जीन्स. पहिले दोन महिने जीन दिसलाच नाही. रोज सकाळी लघवीच्या डब्या यायच्या आणि कोड क्रमांक, वय, सॅम्पल घेतल्याची वेळ रजिस्टरमध्ये चढवायची. आज सात वर्षांनी सांगते, हे दिवस घाईने उरकू नका. पुढे पीसीआर (जीनच्या असंख्य प्रती काढून तो शोधायची पद्धत) कितीही सुंदर झाला, तरी डबीपाशी झालेली चूक त्याने सुधारत नाही.

या संसर्गांतला नेहमीचा जिवाणू म्हणजे ई. कोलाय. त्याला मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली की तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे मधल्या धारेचं सॅम्पल दोन तासांत प्लेटवर गेलं पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये. एक मायक्रोलिटरच्या लूपने पसरवलेल्या प्लेटवर शंभर कॉलनी (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आल्या, म्हणजे मिलिलिटरला एक लाख जिवाणू. हा हिशोब तोंडपाठ करा. प्लेटवर तीन-चार प्रकारच्या कॉलनी असतील तर बहुतेक वेळा सॅम्पलच नीट घेतलेलं नसतं. आणि आधी कोणती गोळी घेतली ते रजिस्टरमध्ये नसेल तर विचारायला लावा. आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणून बायका आठवडाभर धने-जिऱ्याचं पाणी पितात, मग घरात उरलेल्या दोन गोळ्या घेतात आणि मग डबी देतात. संसर्ग असूनही कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, त्याचं कारण अनेकदा त्या दोन गोळ्यांत असतं.

त्यानंतर प्लेटवर अँटिबायोटिकच्या डिस्क लावून झोन, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न उगवलेले गोल, मोजायचे. मोजपट्टी हातात घेण्याआधी ठरलेल्या कंट्रोल स्ट्रेनचा (तपासणीसाठी ठेवलेला माहितीतला ई. कोलाय), एटीसीसी २५९२२चा, झोन मर्यादेत आला का ते पाहा. तो चुकला असेल तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट बाद, मग कितीही जीव तुटो. सेफ्टाझिडीमची डिस्क आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली सेफ्टाझिडीमची डिस्क यांच्या झोनमध्ये पाच मिलिमीटर किंवा जास्त फरक आला, तर तो जिवाणू ईएसबीएल (एक्स्टेंडेड-स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज) नावाची एन्झाइम्स बनवतो असं आपण धरतो. ही एन्झाइम्स पेनिसिलिनच नाही, तर तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्सही फोडतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्यांना अडवतं, म्हणून झोन पुन्हा मोठा होतो.

आता जीनकडे. नवीन मुलं जिथे हमखास अडखळतात ती जागा इथे आहे, म्हणून जरा थांबते. सगळे टेम, एसएचव्ही आणि सीटीएक्स-एम या तीन जीन्सचे प्रायमर (पीसीआरला जीन शोधून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवतात, जेलवर बँड, म्हणजे जीन असल्याची पट्टी, आला की 'ईएसबीएल जीन सापडला' असं लिहून मोकळे होतात. पण टेम-१ हा ईएसबीएल नाही. तो अँपिसिलिनला पुरतो, सेफोटॅक्सीमला नाही. त्याच जीनमध्ये एखाद-दोन अमिनो आम्लं बदलली की तो ईएसबीएल होतो, आणि जेलवर दोघांचा बँड अगदी सारखा दिसतो. सीक्वेन्सिंग केल्याशिवाय, म्हणजे जीनची अक्षरं वाचल्याशिवाय, टेमबद्दल काही म्हणू नका. ई. कोलायऐवजी क्लेबसिएला न्युमोनिई हा जिवाणू असेल तर एसएचव्ही जवळपास प्रत्येकात असतोच, तो तिच्या स्वतःच्या गुणसूत्रावरचा आहे. या दोन गोष्टी मला व्हायव्हात कळल्या. तुम्हाला आधी कळाव्यात असं मनापासून वाटतं.

सीटीएक्स-एमचा बँड मात्र खरंच बोलका असतो. त्यातला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार १९९९ मध्ये नवी दिल्लीत गोळा केलेल्या जिवाणूंमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, २००१ मध्ये छापून आला, आणि पुढे एसटी१३१ या ई. कोलायच्या कुळाबरोबर जगभर पसरला. या जीनच्या वरच्या बाजूला आयएस-ईसीपी-१ नावाचा उडता तुकडा असतो. तो जीनला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो आणि त्याला जोरदार प्रोमोटरही (जीन चालू करणारा भाग) देतो. एनडीएम-१चा, म्हणजे कार्बापेनेम औषधंही फोडणाऱ्या एन्झाइमचा, पहिला अहवालही लघवीतूनच आला: भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीतली क्लेबसिएला, अहवालाचं वर्ष २००९.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं गणित वेगळं. तिथे मुख्यतः जिवाणूच्या स्वतःच्या जायर-ए आणि पार-सी जीन्समध्ये अक्षरं बदलतात. जायर-एमध्ये ८३व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन, हा नेहमीचा बदल. हे दोन्ही जीन्स प्रत्येक ई. कोलायमध्ये असतातच, त्यामुळे 'बँड आला' याला काही अर्थ नाही. ही प्रतिकारशक्ती आईकडून लेकीकडे जाते, सीटीएक्स-एमची बहुधा प्लाझ्मिडवरून (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं वर्तुळ) शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. हा फरक एकदा मनात बसला की निम्मे पेपर सोपे वाटू लागतात.

शेजाऱ्याकडे कसं जातं ते मी डोळ्यांनी पाहिलं. रुग्णाचा ई. कोलाय आणि जे५३ नावाचा लॅबचा स्ट्रेन रात्रभर एकत्र ठेवला, सकाळी सोडियम अझाइड आणि सेफोटॅक्सीम घातलेल्या प्लेटवर पसरवला. अझाइडवर रुग्णाचा जिवाणू मरतो, सेफोटॅक्सीमवर जे५३ मरतो. दुसऱ्या दिवशी दोघांना एकेकटं पसरवलेल्या दोन्ही कंट्रोल प्लेट कोऱ्या होत्या आणि एकत्र ठेवलेल्यांच्या तिसरीवर छोट्या, गोल, फिकट कॉलनी. एका रात्रीत प्लाझ्मिड पलीकडे गेलं होतं. इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून मी तशीच उभी राहिले.

याच्या उलटही होतं, आणि ते मला महागात पडलं. प्रायमर यायला तीन महिने लागले. तोवर मी आयसोलेट (रुग्णांच्या सॅम्पलमधून वेगळे केलेले जिवाणू) साध्या न्यूट्रिएंट अगारवर ठेवून दर पंधरा दिवसांनी नव्या स्लँटवर (तिरक्या अगारच्या नळीत) उतरवत होते. पीसीआर केला तर काहींचा बँडच गायब. पुन्हा झोन मोजले, तर पूर्वी सेफोटॅक्सीमला न जुमानणारे आता बिनतक्रार मरत होते. औषध समोर नसताना प्लाझ्मिड सांभाळणं कधीकधी जिवाणूला जड जातं आणि तो ते टाकून देतो. सगळी प्लाझ्मिडं अशी सुटत नाहीत. काहींवर विष आणि उतारा अशी जोडी असते, प्लाझ्मिड सोडणारी पेशीच मरते. म्हणून आयसोलेट शुद्ध झाला त्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक करा, दोन व्हायल, उणे ८० अंशांवर, आणि प्रयोगाच्या वेळी प्रत्येकदा त्या स्टॉकपासूनच सुरुवात करा.

नोकरी-शिष्यवृत्तीचं थोडक्यात: पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआर-नेट, आयसीएमआर आणि डीबीटीच्या जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) परीक्षा द्या. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. कमांड लाइनची ओळख एम.एस्सी.तच करून घ्या. रेसफाइंडर आणि कार्ड हे प्रतिकाराच्या जीन्सचे डेटाबेस फुकट आहेत. पण ते सीक्वेन्सवरून अंदाज देतात, झोन तुम्हालाच मोजायचा आहे. छोट्या तुकड्यांच्या सीक्वेन्सिंगमधून प्लाझ्मिड पूर्ण जुळत नाही, कारण आयएस-२६सारखे तेच ते उडते तुकडे वाटेत येतात. त्यासाठी लांब रीड, म्हणजे एका दमात वाचलेले लांब तुकडे, लागतात. एथिक्स कमिटीच्या परवानगीचे कागद मात्र सगळ्यात आधी. त्यात सहज काही महिने जातात.

एकदा रजिस्टरमध्ये एकच कोड चार महिन्यांत तीनदा आला. ६८ वर्षांच्या बाई, दर वेळी ई. कोलाय, दर वेळी वेगळी गोळी. प्रत्येक वेळी नवा संसर्ग असेल असंच आम्ही समजत होतो. तिन्हींचे जीनोम शेजारी ठेवले, तर सुमारे पन्नास लाख अक्षरांत बोटांवर मोजण्याइतके फरक. तोच एसटी१३१, तेच प्लाझ्मिड, बहुधा त्यांच्याच आतड्यात मुक्काम ठोकून पुन्हा पुन्हा वर येणारा. तिसऱ्या प्लेटवर सेफोटॅक्सीमच्या आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या डिस्कला चिकटून दाट वाढ होती आणि नायट्रोफ्युरँटॉइनभोवती २२ मिलिमीटरचा स्वच्छ गोल. तो आकडा मी दोनदा मोजला आणि रिपोर्ट त्याच दुपारी वॉर्डात स्वतः नेऊन दिला.