पद्मिनीचे ड्रम ब्रेक घरीच सेट केले

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून शू (कमानदार पट्ट्या) घासून गाडी थांबते. शूवरचे लायनर (घासणारा थर) झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, पेडल खोल जातं. साताऱ्यात राहून यवतेश्वरचा घाट उतरायचा तर हे चालवून घेणं बरं नव्हे.

आधी ब्रेक ऑइलची पातळी आणि व्हील सिलिंडरची (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला भाग) गळती पाहिली. गळती असेल तर सेटिंगला अर्थच नाही. बाकी चाकांना दगड लावले, जॅकने उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, अगदी कळकळीने सांगतो.

चाकामागच्या प्लेटवर प्रत्येक शूसाठी षटकोनी डोक्याचा बोल्ट असतो. तो फिरवला की आतला कॅम (एका बाजूला फुगीर चकती) शूला ड्रमकडे ढकलतो. गंज होता म्हणून आदल्या रात्रीच ऑइल मारून ठेवलं होतं. चाक हाताने फिरवत पाना वळवायचा. चाक जाम झालं की किंचित मागे घ्यायचा, अगदी पुसटशी खरखर उरेपर्यंत. मग पेडल दाबून शू जागेवर बसवायचे आणि चाक पुन्हा फिरवून बघायचं.

ड्रम उघडलात तर धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. पुढचं डावं चाक जास्त तापलं होतं, तेवढं अजून जरा सैल केलं.