मोर्च्याआधी कागद : भ्रष्टाचार आणि निकृष्ट सुविधांविरुद्ध आंदोलन कसे उभारावे

नळाला पाणी नाही, नवा रस्ता वर्षाच्या आत उखडला, दवाखान्यात औषध नाही आणि या प्रत्येक कामाचा पैसा मात्र कागदोपत्री खर्च झालेला आहे, हे कळले की लोक रस्त्यावर उतरतात. त्यांची चीड खरी असते. परंतु हातात पुरावा आणि नेमकी मागणी नसेल, तर कार्यालयाला फक्त गर्दी पांगण्याची वाट पाहावी लागते.

म्हणून प्रथम प्रश्न एकच निवडावा. ‘भ्रष्टाचार थांबवा’ ही घोषणा म्हणून ठीक आहे, मागणी म्हणून निरुपयोगी आहे; कारण ती मान्य झाली की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी अमुक जलवाहिनीच्या कामाचा करार, मोजमापे आणि देयके अमुक तारखेपर्यंत जाहीर करावीत, असे लिहावे. सर्बियातील नोवी साद येथे 1 नोव्हेंबर 2024 रोजी नुकतेच नूतनीकरण झालेल्या रेल्वे स्थानकाचे छत कोसळून माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रमुख मागण्यांमध्ये त्या नूतनीकरणाची सर्व कागदपत्रे प्रसिद्ध करावीत, ही मागणी होती. याउलट 2015 मध्ये लेबनॉनच्या राजधानीत, बैरूतमध्ये, रस्त्यांवर कचरा साचला तेव्हा प्रचंड जमाव उतरला. पण कचऱ्याच्या प्रश्नाला मंत्र्याचा राजीनामा, नव्या निवडणुका अशा मागण्या जोडल्या गेल्या आणि पुढे त्या आंदोलनाचा जोर ओसरला.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे : कागद मिळवणे. माहितीच्या अधिकाराचा कायदा असेल तेथे अर्ज करून कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमापांची नोंद आणि अदा केलेली देयके मागावीत. हाती आलेला कागद घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावे, टेपने मोजावे, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य असल्यास एखाद्या अभियंत्याकडून आकडे तपासून घ्यावेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, तेव्हा भारतात माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा नव्हता. तो 2005 मध्ये आला. तरीही मिळतील ते हजेरीपट आणि देयके गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि कधीच कामावर न गेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलली गेल्याचे गावकऱ्यांनीच ओळखले. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही आपल्या शेजाऱ्याने खड्डा खणला की नाही, हे ठाऊक असते.

फलकावर आणि भाषणात कोणालाही ‘चोर’ म्हणू नये. देयकात 400 मीटर गटार दाखवले आहे आणि जागेवर 260 मीटर आहे, एवढेच सांगितले तर ऐकणारा निष्कर्ष स्वतः काढतो आणि बदनामीच्या दाव्याचा धोकाही कमी होतो.

पुरावा जुळला की लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि उत्तरासाठी मुदत ठेवावी. मुदत उलटली तरच मोर्चा किंवा धरणे ठरवावे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे की, शांततापूर्ण सभेची पूर्वसूचना मागता येते, परंतु परवानगीची सक्ती त्या हक्काला बाधा आणते. स्थानिक कायदे सर्वत्र तसे नाहीत. म्हणून मार्ग, वेळ आणि अटी वकिलाला दाखवाव्यात आणि सूचनेची प्रत जवळ ठेवावी.

प्रत्यक्ष दिवशी ओळखता येतील असे स्वयंसेवक, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट असावी. दगड उचलणाऱ्याला आपल्याच माणसांनी शांतपणे बाजूला न्यावे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांनी 1900 ते 2006 या काळातील 323 मोहिमांचा अभ्यास केला, त्यात अहिंसक मोहिमा 53 टक्के, तर हिंसक मोहिमा 26 टक्के वेळा यशस्वी ठरल्या. त्या मोहिमा बहुतेक राजवटी उलथवण्यासाठीच्या होत्या, हे खरे. पण पाण्यासाठीच्या मोर्च्यात वृद्ध माणसे आणि लहान मुले असलेल्या बायका निर्धास्तपणे याव्यात असे वाटत असेल, तर त्यांना दगडांची भीती वाटता कामा नये.

चर्चेचे बोलावणे आले की बहुतेक आंदोलने तेथेच फसतात. शिष्टमंडळ आधीच निवडलेले असावे, त्यात ज्यांच्या घरी पाणी येत नाही ती माणसे असावीत आणि एकट्याने कोणीही दालनात जाऊ नये. तोंडी आश्वासनावर उठू नये. जबाबदार अधिकाऱ्याचे पद, काम आणि तारीख असलेले सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे आणि स्वीकारण्यापूर्वी ते बाहेर बसलेल्या सर्वांना वाचून दाखवावे. पत्रातील तारीख वस्तीत सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लिहावी. त्या दिवशी काम झालेले नसेल, तर दुसऱ्या सकाळी पत्राची प्रत घेऊन तेच शिष्टमंडळ त्याच दालनाबाहेर हजर असावे.